जिन्यावरचा दिवा

डिम्पना गॅफनीचं नाव आईबापांनी ठेवलं ते वेड्यांना सांभाळणाऱ्या संतिणीवरून. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. आयर्लंडच्या त्या मधल्या दलदलीच्या मुलखात तेव्हा घरटी एक डिम्पना असे. त्यांतल्या बहुतेकींची लग्नं झाली, पोरंबाळं झाली आणि नावाचा अर्थ कुणी विचारला नाही. हिच्या बाबतीत मात्र लोकांनी तो हिच्या तोंडावर फेकला. "नाव सार्थ केलंस हो," असं तिची नणंद फिलो चर्चच्या भर अंगणात म्हणाली होती, आणि बाकीच्या बायकांनी हसू दाबायचे कष्टही घेतले नव्हते.

आता डिम्पना ऐंशीला टेकली होती. नवरा मॅटी जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगा एन्डा पन्नाशीत बायकोपासून वेगळा होऊन पुन्हा आईच्या घरी राहायला आला होता, आणि "मम्मीला सोबत म्हणून आलोय" असं गावभर सांगत होता. त्याने विजेवर चालणारी गाडी घेतली. ती घरी चार्ज करायची तर जुना फ्यूजबोर्ड तो भार सोसणार नाही, असं दुकानदाराने सांगितलं, म्हणून एन्डाने फर्गल बर्न नावाच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. अख्ख्या घराचं वायरिंग तपास आणि नवा बोर्ड बसव, म्हणाला.

डिम्पना चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी जीव तोडून सांगत होती की या घरातल्या विजेत काहीतरी खोट आहे. तेव्हा बोर्डाचं झाकण उघडायलाही कुणाला सवड झाली नाही. गाडीची अडचण झाली तेव्हा चार दिवसांत माणूस दारात उभा.

घराचं वायरिंग मॅटीने स्वतः केलं होतं. तो टर्फ, म्हणजे चुलीत जाळायची दलदलीतली माती, खणायच्या यंत्रांवर फिटर होता आणि हाताने हुशार म्हणून नावाजलेला. निम्म्या गावाची घरं त्यानेच उजळली, बहुतेकांची फुकट. नाताळात चर्चमध्ये मांडायच्या गोठ्याच्या देखाव्याचे दिवे, सभागृहातला माइक, फुटबॉलच्या मैदानावरचे खांब, सगळं मॅटी. गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचत होतं, आणि अशा माणसाच्या बायकोने तक्रार करावी म्हणजे गावाला ती कृतघ्नच वाटायची.

स्वतःच्या घरात त्याचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे जिन्यावरचा दिवा. एक बटण खाली दारापाशी, एक वर जिन्याच्या तोंडाशी. खालून लावा, वरून विझवा. घर नवीन होतं तेव्हा तो पाहुण्यांना मुद्दाम उभं करून हा खेळ दाखवी. "बघा, दोन बटणं आणि दिवा एक! आहे का कुणाकडे?" पुढे खालच्या बटणासमोर कोट टांगायचा स्टँड आला, त्यावर कोटांचा ढीग चढला, आणि ते बटण कुणी दाबेनासं झालं. दिवा वरच्याच बटणावर चालू राहिला.

बल्ब गेला की बदलायचं काम डिम्पनाचं. मॅटीने तिला लग्नानंतर लगेच शिकवून ठेवलं होतं. "आधी बटण बंद कर. मग खालच्या मजल्याचा फ्यूज आटे फिरवून काढ. स्वयंपाकघरातला तांबडा विझला की समज करंट गेला." तांबडा म्हणजे येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली रात्रंदिवस जळणारा छोटा दिवा. तो प्रत्येक घरात होता आणि प्रत्येक घरात हाच रिवाज होता. कुणीही फ्यूज काढला की ओरडायचं, "तांबडा विझला का?" आतून कुणीतरी म्हणायचं, "विझला!" की बिनधास्त हात घाला. त्या गावात टेस्टर कुणी विकत घेत नसे. देव समोर असताना कशाला?

पण जिन्यावरचा दिवा डिम्पनाला चावायचा. फ्यूज काढलेला, तांबडा विझलेला, आणि होल्डरमध्ये बोट गेलं की खांद्यापर्यंत झिणझिणी यायची. एकदा तर ती स्टुलावरून पडली आणि मनगट मोडून बसली. गंमत म्हणजे दर वेळी चावायचा नाही. कधी घाईत बटण बंद करायचं राहिलं तर काहीच होत नसे. ती जेवढी जपून, सगळं सांगितल्याप्रमाणे करी, तेवढा हमखास चावे.

"फ्यूज खिशात असताना करंट येतो कुठून? आकाशातून?" मॅटी म्हणायचा.

"ते मला काय माहीत! तू बघ ना वर चढून."

"मी बघतो कशाला? मीच केलंय ते. बाई, फ्यूज उडालाय तो तुझ्या डोक्यातला."

हे वाक्य त्याने पबमध्येही ऐकवलं आणि ते तिथे फार चाललं. डिम्पना दुकानात शिरली की कुणीतरी हळूच विचारी, "काय मिसेस गॅफनी, आज चावला का?" पोरंसुद्धा विचारू लागली. तिचा स्वतःचा सात वर्षांचा एन्डा शाळेतून येऊन म्हणाला, "मम्मी, मला चावून दाखव ना."

मग तो दिवस आला. इस्टरच्या आधीचा उपासाचा काळ होता. बल्ब गेला होता. डिम्पनाने बटण बंद केलं, फ्यूज काढला आणि कुणी चुकून परत लावू नये म्हणून एप्रनच्या खिशात टाकला. तांबडा विझला. ती स्टुलावर चढली, जुना बल्ब काढला, हाताला फडकं गुंडाळून नवा दाबून बसवला आणि सहज जिन्याच्या कठड्यावरून खाली पाहिलं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आणि तसबिरीखाली तांबडा दिवा लागलेला होता.

तिने खिशात हात घातला. फ्यूज खिशातच होता. तिने बल्ब काढला, तांबडा विझला. बल्ब लावला, तांबडा लागला. ती पुन्हा पुन्हा तेच करत राहिली. तिला भीती वाटली नाही, उलट उड्या माराव्याशा वाटल्या. आता तरी मॅटीला दाखवता येणार होतं! ती धावत शेजारणीला घेऊन आली. शेजारणीने पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि किंचाळत रस्त्यावर पळाली. संध्याकाळी मॅटी कामावरून आला तेव्हा त्याच्या स्वयंपाकघरात बायका गुडघे टेकून जपमाळ म्हणत होत्या.

डिम्पना चमत्कार म्हणालीच नव्हती. ती घसा फोडून सांगत होती, "अहो, करंट आहे! मी म्हणत होते ना, करंट आहे!" पण गुडघे टेकलेल्या बायकांना करंटमध्ये रस नव्हता.

मॅटीचा चेहरा तसबिरीखालच्या दिव्याइतका लाल झाला. "सगळ्या उठा. मी दाखवतो." तो वर गेला. "करंट असेल तर बल्ब स्वतःच लागेल, बरोबर? हे बघा, फ्यूज काढलेलाच आहे आणि बटण चालू केलं." त्याने बटण दाबलं, बल्ब काढून पुन्हा बसवला. बल्ब लागला नाही आणि तांबडाही लागला नाही. "पाहिलंत? माझ्या वायरिंगमध्ये चमत्कार होत नसतात." बायका गुडघे झटकत घरी गेल्या. फसवलं गेल्याचा राग त्यांनी मॅटीवर काढला नाही, तो डिम्पनाच्या वाट्याला आला.

दुसऱ्या दिवशी फादर आले. चहा घेता घेता म्हणाले, "पवित्र हृदयाला फ्यूजची गरज नसते, डिम्पना. आणि तुला विश्रांतीची आहे." डॉक्टरने मान डोलावली, मॅटीने सही केली, फिलोने तिची बॅग भरली. तिला जिल्ह्याच्या गावच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घातलं.

तिथे दातांमध्ये रबर देऊन डोक्याला वीज लावत. तिथे मात्र करंट आहे की नाही याबद्दल कुणाचा वाद नव्हता.

तिला तिथले फार थोडे दिवस आठवत. वसंत कुठे गेला ते आठवत नसे. एन्डाचं पहिलं कम्युनियन, म्हणजे मुलाने चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा समारंभ, त्याच मे महिन्यात झालं. पांढरा सूट, छातीला फुलांची पट्टी, एका बाजूला डॅडी, दुसऱ्या बाजूला फिलो आत्या, असा फोटो बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेला होता. आई त्यात नव्हती. एन्डाने ते तिला कधी माफ केलं नाही. मोठा झाल्यावरही जरा काही बिनसलं की म्हणे, "तू होतीस कुठे माझ्या कम्युनियनला?" जसं काही ती समुद्रकिनारी सहलीला गेली होती.

तिथून सुटायचा रस्ता एका आयाने सांगितला. "डॉक्टर विचारतील दिवा लागला होता का. म्हणायचं, मला भास झाला. बस्स, एवढंच." डिम्पनाला ते तीन शब्द तोंडातून काढायला ऑगस्ट उजाडला. ज्या दिवशी काढले त्या आठवड्यात ती घरी आली.

घरी आल्यावर एक बदल झाला. जिन्यावरचा बल्ब मॅटी स्वतः बदलू लागला. बल्ब गेला की तो म्हणे, "तू जा प्रार्थनेला, मी बघतो ते." ती परत येई तेव्हा दिवा लागलेला असे. उभ्या संसारात नवऱ्याने आपल्यासाठी हळुवारपणे केलेली ही एकच गोष्ट, असं ती मानत आली. मॅटीच्या दफनाच्या दिवशी तिला रडू आलं ते त्याच आठवणीने.

फर्गल बर्न आला तो मंगळवार होता. इलेक्ट्रिशियन आधीच्याच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय स्क्रू फिरवत नाहीत, पण फर्गल गप्प होता, कारण हे काम मॅटी गॅफनीचं. येत्या रविवारी मॅटीच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना होती, आणि तिच्यानंतर फुटबॉलच्या मैदानावरच्या नव्या दिव्यांना त्याचं नाव देऊन पाटी लावायची होती. कमिटीत एन्डाही होता आणि फर्गलही. तरी सॉकेट उघडता उघडता फर्गलचं तोंड वाकडं होत गेलं. एका सॉकेटची मागची बाजू काळी पडलेली. माळ्यावर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. पाणी तापवायच्या टाकीची वायर हाताला मऊ लागत होती.

"मिसेस गॅफनी, ही टाकी कधी चालू राहिली तर घर पेटेल हो."

"ती चालू ठेवायची कुणाची छाती होती! मॅटी बिलावरून घर डोक्यावर घ्यायचा." डिम्पना खुर्ची ओढून त्याच्या मागोमाग फिरत होती. "ते सगळं सोड पोरा. जिन्यावरचा दिवा बघ."

"बघतो ना, सगळंच बघायचंय."

"नाही. तो आधी. आणि मी सांगते तसा. बटण बंद कर, खालचा फ्यूज काढ. मग तुझं ते यंत्र लाव."

फर्गल हसला. त्याच्या लहानपणी "आज चावला का" हे त्यानेही विचारलं होतं. त्याने म्हातारीचं मन राखायला बटण बंद केलं, फ्यूज काढला. स्वयंपाकघरातला तांबडा विझला. तो शिडीवर चढला, बल्ब काढला आणि टेस्टरची टोकं होल्डरला लावली. टेस्टर किंचाळला.

त्याने हात झटक्यात मागे घेतला. खाली येऊन फ्यूज पुन्हा पाहिला, वर गेला, पुन्हा लावलं. पुन्हा किंचाळला. मग त्याने बटण चालू केलं, आणि टेस्टर गप्प झाला.

"अरे देवा," फर्गल म्हणाला.

"चावला ना?" डिम्पनाने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की तिचा तिलाच ऐकू आला नाही. "चावला ना रे?"

फर्गल कोटांचा ढीग बाजूला करून खालचं बटण उघडून बसला, मग वरचं उघडलं. दोन्हीकडच्या वायरी त्याने टेस्टरने तपासल्या. मग पायरीवर तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "हा दिवा दोन फ्यूजांवर आहे. खालच्या बटणाला खालचा करंट, वरच्या बटणाला वरचा. वायर वाचवायला असं करायचे पूर्वी काही लोक. खालचा फ्यूज काढला तरी वरचा येतच राहतो. आणि या उलट्या जोडणीत बटण बंद केलं की करंट होल्डरवर येऊन बसतो. चालू ठेवलं की जातो."

"म्हणजे मी बटण बंद करायचे म्हणून..."

"म्हणूनच चावायचा. जेवढं जपलंत तेवढं मराल अशी सोय होती, मिसेस गॅफनी. मेला नाहीत हे नशीब."

डिम्पनाने त्याचा दंड धरला. "आणि तांबडा? बल्ब लावला की तांबडा लागायचा, फ्यूज नसताना. ते सांग."

फर्गलने डोकं खाजवलं, बटण बंद केलं, शिडीवर चढला आणि बल्ब दाबला. कठड्यावरून दोघांनीही खाली पाहिलं. तसबिरीखाली तांबडा दिवा लागला.

"वरचा करंट बल्बमधून खाली उतरतो," फर्गल हळूहळू म्हणाला, जणू स्वतःलाच सांगत होता, "आणि तांबड्यातून बाहेर पडतो. तो एवढासा दिवा, त्याला तेवढा पुरतो. लागणारच. कायमच लागणार होता."

डिम्पना हसायला लागली. पायरीवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. इतकी वर्षं तिने स्वतःलाही पटवून दिलं होतं की तिला भास झाला. रात्री झोप नाही लागली की ती स्वतःला तेच सांगायची. आणि तो दिवा समोर लागला होता, लाल, शांत, जसा तेव्हा लागला होता तसाच.

एवढ्यात एन्डा आला. कोट काढत म्हणाला, "काय चाललंय? मम्मी, तू काय करतेयस जिन्यात?"

फर्गलने त्याला सांगितलं. एन्डाने ऐकलं आणि त्याचं नाक फेंदारलं. वडिलांच्या कामाला कुणी नावं ठेवलेली त्याला चालत नसत.

"असेल काही बारीकसारीक चूक. तेव्हा सगळेच तसं करायचे. आणि डॅडीइतका जपून काम करणारा माणूस मी पाहिला नाही. या दिव्याचा बल्ब बदलायला तो अख्ख्या घराचा मेन बंद करायचा! आम्ही मेणबत्ती घेऊन बसायचो खाली. एका बल्बसाठी मेन! कोण करतं एवढं?"

फर्गल वायर गुंडाळता गुंडाळता थांबला.

"मेन?" डिम्पना म्हणाली. "मला तर तो फ्यूज काढायला सांगायचा."

"ते आधी असेल. एकदा त्यालाच झटका बसला होता ना! शिडीवरून पांढराफटक होऊन खाली आला, पायरीवर बसून राहिला. फिलो आत्याने ब्रँडी दिली त्याला. तेव्हापासून मेन बंद केल्याशिवाय हात लावला नाही त्याने. त्याला म्हणतात जपून असणं."

"कधीची गोष्ट ही?"

"माझ्या कम्युनियनच्या आठवड्यातली. आत्या माझा सूट बेतायला आली होती म्हणून तर आठवतंय." मग सवयीने त्याच्या तोंडून निघालंच. "तू नव्हतीस तेव्हा."

"नव्हते," डिम्पना म्हणाली. "कुठे होते रे मी तेव्हा, एन्डा?"

कम्युनियन मे महिन्यात होतं. ती ऑगस्टमध्ये घरी आली होती. हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी एका जागी मांडून पाहिलं नव्हतं. फर्गल शिडीची दोरी विनाकारण सोडत आणि बांधत राहिला.

मे, जून, जुलै. दिवा खरंच चावतो हे तेवढे दिवस मॅटी गॅफनीला माहीत होतं. तो रविवारी तिला भेटायला यायचा, द्राक्षं आणायचा, खाटेच्या कडेला टोपी हातात धरून बसायचा आणि म्हणायचा, "डॉक्टर सांगतात तसं म्हण ना गं. म्हण की भास झाला. माझ्यासाठी म्हण." डिम्पनाला ही भेट नीट आठवत होती. विजेने कसं कोण जाणे, तेवढं मात्र पुसलं नव्हतं.

ती रडली नाही. कठड्याला धरून उठली आणि फर्गलला म्हणाली, "हा दिवा रविवारपर्यंत असाच ठेव."

"तसं चालत नाही, मिसेस गॅफनी. असा धोका बघून मला सोडून जाता येत नाही."

"बल्ब काढून ठेव, बटणावर पट्टी लाव, कुणी हात लावणार नाही. रविवारी प्रार्थनेनंतर सगळे इथे चहाला येणार आहेत. फादर, कमिटी, फिलो. मला त्यांना एकदा दाखवू दे. एकदाच. मग सोमवारी उखडून टाक सगळं."

फर्गलने एन्डाकडे पाहिलं, एन्डाने जमिनीकडे. "बरं," फर्गल शेवटी म्हणाला. "रविवारपर्यंत. शब्द देतो."

तो आठवडा डिम्पनाने तरुणपणीच्या उत्साहात काढला. मनुकांचे ब्रेड भाजले, हॅम उकडून ठेवलं, चांगली कपबशी काढून पुसली. एन्डा तिच्याशी गोड बोलत होता. मध्येच एकदा म्हणाला, "मम्मी, माणूस मेलाय. आता उकरून काय मिळणार? रविवारी त्याची पाटी लागतेय." ती म्हणाली, "लागू दे की. मी काय पाटी पाडायला निघालेय? मला वेडी म्हणाले, तेवढं परत घ्यायला लावते." शनिवारी दुपारी, कधी नव्हे ती, फिलो गाडी घेऊन दारात आली. "चल गं, केस सेट करून येऊ. उद्या सगळ्यांसमोर नीट दिसायला हवंस." डिम्पनाला बरं वाटलं. संध्याकाळी परतली तर घर होतं तसंच होतं. जिन्यावर होल्डर रिकामा, बटणावर पट्टी.

रविवारी मैदानावर पाटी लागली. "मॅटी गॅफनी, ज्याने गावाला उजेड दिला." टाळ्या झाल्या. मग सगळे चहाला आले. हॅम संपत आलं तेव्हा डिम्पना टेबलाला धरून उभी राहिली.

"जरा सगळ्यांनी जिन्यापाशी या. फिलो, तू तसबिरीसमोर उभी राहा. तिथून हलू नकोस."

लोक कपबशा हातात धरून आले. तिने स्वतः फ्यूज आटे फिरवून काढला. "तांबडा विझला का?"

"विझला," फिलो आतून म्हणाली.

"फादर, हा धरा. तुमच्या मुठीत ठेवा." नव्या फादरांनी गोंधळून तो चिनी मातीचा फ्यूज हातात घेतला. डिम्पनाने बटणाची पट्टी काढली, बटण बंद असल्याचं सगळ्यांना दाखवलं. ती शिडीकडे वळली तसा एन्डा पुढे झाला. "तू नको, मम्मी. मी चढतो." तो चढला आणि बल्ब दाबून बसवला.

"आता बघ, फिलो!"

फिलोने बघितलं. "नाही गं बाई."

"नीट बसव, एन्डा."

"बसवलाय."

"काढ आणि पुन्हा लाव."

त्याने काढला, पुन्हा लावला. तांबडा काळाच राहिला. कुणीतरी बशीत चमचा ठेवला. कमिटीचे लोक भिंतीवरच्या कम्युनियनच्या फोटोकडे पाहू लागले. फर्गल दारात उभा होता, आणि डिम्पनाने त्याच्याकडे पाहिलं तसा तो बाहेर गाडीकडे निघून गेला. फिलो आतून आली, तिने डिम्पनाच्या दंडाला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मायेने विचारलं, "गोळी घेतलीस ना आज, डिम्पना?"

डिम्पनाने खाली पाहिलं. शिडीच्या पायाशी, जिन्याच्या गालिच्यावर, छतातून पडलेली पांढऱ्या प्लास्टरची चिमूटभर पूड होती. तिने ती बुटाच्या टोकाने जरा पसरली. शनिवारी सकाळी हा गालिचा तिने स्वतः झाडला होता.

मग तिने मान वर केली. तोंडातून शब्द अजिबात अडखळले नाहीत, जणू कालच पाठ केले होते.

"मला भास झाला," ती म्हणाली. "चला, चहा गार होतोय."

फादरांनी फ्यूज परत दिला आणि सुटकेने हसले. लोक पुन्हा हॅमकडे वळले, आवाज वाढले, कुणीतरी मॅटीचा एक जुना किस्सा सुरू केला. एन्डा शिडी मिटून आत आला. डिम्पनाने त्याच्यासाठी चहा ओतला, कप त्याच्या हातात दिला आणि दोघांपुरतंच विचारलं,

"काल हात लावायच्या आधी मेन बंद केला होता ना रे?"

एन्डाने कप बशीवर ठेवला. तो तिच्या सेट केलेल्या केसांकडे पाहत राहिला.

"केला होता," तो म्हणाला.

"बरं केलंस," डिम्पना म्हणाली, आणि फिलोचा कप भरायला गेली.